चाकांची राखण



वसंत ऋतूत व्याख्याने भरविण्याचा प्रघात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात पाडला. तो गावोगाव पसरला आणि आपल्या उपनगरांतही रुजला. अशा व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकता, वाङ्मय ऐकता, अध्यात्म ऐकता. आज मात्र मी आपल्याला एकदम गॅरेजात नेणार आहे. जीपसारख्या खाचखळग्यांतून, रानावनांतून चालणाऱ्या गाड्या आणि त्यांचे सुटे भाग चोरीपासून कसे राखावेत, हा माझा विषय. पत्रिकेवर तो वाचून काहींच्या मनात आले असेल की, ज्याची गाडी त्याने ती राखावी, त्यासाठी सभा कशाला? या शंकेचे उत्तर मी शेवटी देणार आहे. सध्या इतकेच सांगतो की, हा प्रश्न गाडीवाल्यापुरता नाही. आपल्या फाटकावर बसणारा रखवालदार, नाक्यावरचा रिक्षावाला आणि ज्यांच्या दारात सायकलही नाही असे गृहस्थही त्यात गुंतलेले आहेत.

प्रथम या गाडीची थोडी कुळकथा पाहू. जीप जन्माला आली ती लढाईसाठी. १९४१ पासून अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी ती लाखांनी बनविली. तिची रचना करताना एकच विचार होता : मोडली तर रणांगणावर, चिखलात, चार पान्यांनी दुरुस्त झाली पाहिजे. म्हणून तिचे बॉनेट बाहेरच्या खिट्यांनी बंद होते, काच पुढे आडवी पडते, जादा चाक मागे उघड्यावर टांगलेले असते आणि एका जीपचा भाग दुसऱ्या जीपला बिनतक्रार बसतो. त्या लष्करी जीपला पुढे पुढे किल्लीसुद्धा ठेवली नव्हती. नुसता फिरविण्याचा खटका असे. कोणीही चढावे आणि चालू करून न्यावी! मग शिपाई सुकाणूच्या चाकाला साखळी गुंडाळून तिला कुलूप घालू लागले. गाडी राखण्याची ही युक्ती जीपइतकीच जुनी आहे आणि अजून बाद झालेली नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने ही गाडी आपल्या मुंबईत आणली. माझगावला परदेशी सुट्या भागांतून जीपगाड्या जोडल्या जाऊ लागल्या. पुढे त्या आपल्याच उपनगरात, कांदिवलीच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या. शेतकी खाते, पाटबंधारे, पोलीस, निवडणुकीचे उमेदवार या सर्वांना तिने वाहिले आहे. तिच्याच वंशातली ‘थार’ २०१० साली बाजारात आली आणि २०२० साली नव्या रूपात आली. आज बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत सोसायट्यांच्या आवारांत ही गाडी दिसते. शनिवार-रविवारी माळशेज, मुरबाड, जव्हारकडे चिखल तुडवायला जाणारी तरुण मंडळी तिला पुढे विंच बसवितात, वर दिवे लावतात, बाजूला इंधनाचे डबे अडकवितात. म्हणजे आधीच उघड्या अंगाच्या गाडीवर आणखी दागिने चढवितात आणि रविवारी रात्री तिला रस्त्याच्या कडेला उभी करून झोपी जातात.

येथे आजच्या विषयाचे मर्म आहे. दुरुस्तीला जे सोपे, ते चोरीलाही सोपे. जो बोल्ट गॅरेजवाल्याच्या पान्याला दाद देतो, तो चोराच्या पान्यालाही देतो. बोल्टाला माणूस ओळखता येत नाही. आणि जो भाग कोणत्याही गाडीला बसतो, त्याला कोणत्याही गाडीवाल्याचे गिऱ्हाईक मिळते.

विलायतेत याचे मोठे ठसठशीत उदाहरण घडले. लँड रोव्हर डिफेंडर ही तिकडची शेतकऱ्यांची लाडकी गाडी. २९ जानेवारी २०१६ रोजी जुन्या डिफेंडरचे उत्पादन थांबले. कारखान्यातून नवी गाडी येईना, तशी जुनीची किंमत वाढली आणि तिच्या भागांची त्याहून वाढली. मग रातोरात दरवाजे, बॉनेटे आणि आसने नाहीशी होऊ लागली. त्या गाडीच्या दाराच्या बिजागऱ्या बाहेरून दिसतात. दार काढायला चोराला फार विद्या लागत नाही. शेतकरी पहाटे गोठ्याकडे निघाला की गाडी जागेवर, पण दारे गायब! संबंध गाडी न्यायची तर क्रमांक, कागदपत्रे, नाकी अशा सतरा अडचणी. दाराला क्रमांक नसतो आणि ते पोत्यात घालून नेता येते. म्हणून चोराच्या दृष्टीने गाडी ही पुष्कळदा नुसती फळांनी लदलेली फांदी असते. फांदी तोडण्यापेक्षा फळे काढणे सोपे.

आपल्याकडे याचा प्रत्यय वेगळ्या तऱ्हेने आला. गेल्या काही वर्षांत मुंबई, पुणे आणि गुजरातेत ‘ईको’ या गाडीचे सायलेन्सर चोरीला गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. सायलेन्सर म्हणजे काळे, धुराने माखलेले नळकांडे. त्यात काय सोने आहे? खरोखर जवळजवळ तसेच आहे. धुरातले विषारी वायू निर्धोक करण्यासाठी तेथे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एक चिनी मातीचा ठोकळा बसविलेला असतो. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. चोरांच्या बोलीत हिला नुसती ‘माती’ म्हणतात. आपण ज्याकडे वळून पाहत नाही त्याचा भाव चोराला ठाऊक असतो. रानावनातल्या गाडीची पाठ जमिनीपासून उंच असते. तिच्याखाली शिरायला जॅकही लागत नाही. म्हणून उंच गाडीच्या धन्याने हा भाग विशेष जपावा.

आता चोराचे मन कसे चालते ते पाहू. याबाबतीत आपले पूर्वज आपल्यापेक्षा सूक्ष्म होते. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त, जे देवलांनी मराठी रंगभूमीवर आणले, शर्विलक नावाचा चोर आहे. भिंत कोठे ओली झाली आहे, वीट कोठे ढिली आहे, भोक कोणत्या आकाराचे पाडावे, याचा तो शास्त्रशुद्ध विचार करतो. मापायची दोरी घरी विसरली तर जानव्यानेच माप घेतो! आजचा चोर त्याच कुळातला. अंधार कोठे आहे, आवाज किती होईल आणि काम किती वेळात उरकेल, ही तीन मापे तो घेतो. तेव्हा राखण करणाऱ्यानेही हीच तीन मापे घ्यावीत. जगात न फुटणारे कुलूप नाही. परंतु दोन मिनिटांचे काम दहा मिनिटांचे करणारे कुलूप पुष्कळ आहे आणि बहुतेक चोर त्या आठ मिनिटांचा धोका पत्करीत नाहीत.

या दृष्टीने काही साधे उपाय सांगतो. ते थोडक्या खर्चाचे आहेत.

मागे टांगलेले जादा चाक, ज्याला आपण स्टेपनी म्हणतो, त्यापासून आरंभ करू. हा शब्द कोठला असे पुष्कळ जण विचारतात. वेल्स प्रांतातल्या लानेली गावी स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तेथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाक विकण्याचा धंदा काढला आणि रस्त्याचे नाव चाकाला चिकटले. मूळ मुलखात हा शब्द जवळजवळ विसरला गेला, आपल्याकडे मात्र रिक्षावाल्याच्याही तोंडी आहे. तर या स्टेपनीच्या एका तरी नटाच्या जागी खास किल्लीने फिरणारा कुलपी नट बसवावा आणि चारही चाकांना तसाच एकेक बसवावा. मात्र ती खास किल्ली गाडीतच पुढच्या कप्प्यात ठेवू नये; तसे करणे म्हणजे तिजोरीची चावी तिजोरीवरच टांगण्यासारखे आहे. पण ती घरीच विसरून लांबच्या प्रवासाला निघालात तर पंक्चर झाल्यावर आपलेच चाक आपल्याला काढता येणार नाही, हेही ध्यानात असू द्यावे. गाडी उभी करताना स्टेपनीची बाजू भिंतीला भिडवून उभी केली, तर एका पैशाचा खर्च न होता निम्मे काम होते.

विंच, दिवे, पायऱ्या हे भाग बहुधा सहा कोनी खोबणीच्या बोल्टांनी बसविलेले असतात. ज्याच्यापाशी अॅलन किल्ली आहे त्याला ते काढता येतात. त्या खोबणीत बरोबर बसेल असा लोखंडी छर्रा ठोकून वर मेण किंवा सिलिकॉन भरावे. उघडताना आपल्याला थोडा त्रास होतो, पण चोराला अंधारात तो त्रास दसपट होतो. बॉनेटाच्या बाहेरच्या खिट्यांना कुलूप घालता येते. ते नसेल तर बॅटरी उचलून नेणे हे पोराचेही काम आहे. टाकीच्या झाकणाला कुलूप असावे. सायलेन्सरला खालून लोखंडी जाळी किंवा पिंजरा बसवून घेता येतो. भरवशाच्या गॅरेजात ते काम होते. आणि छत कापडी असेल तर आत काहीही ठेवू नये. कापडाला कुलूप कसले? रिकामी पिशवीसुद्धा दिसू देऊ नये, कारण ती रिकामी आहे हे चोराला कापड फाडल्यावरच कळणार आणि पिशवीपेक्षा कापड महाग असते.

अख्खी गाडी राखायची तर सुकाणूचे कुलूप, गियरचे कुलूप आणि एक लपविलेला खटका, या तिघांची जोड उत्तम. खटका असा की तो दाबल्याशिवाय इंजिनाला वीज किंवा पेट्रोलच्या पंपाला प्रवाह मिळू नये. तो कोठे आहे हे घरातल्या माणसांशिवाय कोणाला ठाऊक असू नये, आणि गाडी धुणाऱ्या पोरासमोर तर तो कधीच दाबू नये. मात्र नव्या गाडीच्या तारांत हात घालण्यापूर्वी कंपनीच्या गॅरेजात विचारावे. तारा तोडल्या तर हमी रद्द होण्याचा संभव असतो.

नव्या गाड्यांत किल्लीमध्येच एक इलेक्ट्रॉनिक खूण असते. ती पटल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची झाली. अमेरिकेत ती सक्ती नव्हती. तेथे किया आणि ह्युंदाई या कंपन्यांच्या कित्येक गाड्या तिच्याशिवाय विकल्या गेल्या आणि २०२१-२२ च्या सुमारास उनाड पोरे एकमेकांना चित्रफितींतून शिकवून त्या गाड्या पळवू लागली. यावरून या लहानशा यंत्राची किंमत कळावी. पण चोरही शिकत असतो. जी किल्ली खिशात ठेवूनच गाडी उघडते, तिचा संदेश दाराबाहेरून पकडून गाडीपर्यंत पोचविणारी उपकरणे निघाली आहेत. म्हणून अशी किल्ली दाराजवळच्या खुंटीला न अडकविता आत, पत्र्याच्या डब्यात ठेवावी. आपल्या आजीने दागिने ठेवलेला डबा या कामी चांगला उपयोगी पडतो. गाडी जुनी विकत घेतली असेल तर किल्ल्या दोन्ही मिळाल्या का, हे पाहावे. तिसरी किल्ली कोणाकडे आहे हे आपल्याला कळण्याचे साधन नाही. शंका असेल तर कुलपे बदलून घ्यावीत.

उपायांचा दुसरा वर्ग खुणेचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गुरांच्या अध्यक्षाने प्रत्येक जनावराचा डाग, नैसर्गिक खूण, रंग आणि शिंगांची ठेवण वहीत नोंदवावी असे सांगितले आहे. गुरे एकसारखी दिसतात, म्हणूनच त्यांना खूण लागते. आपल्या गाड्यांचे भाग त्याहून एकसारखे. तेव्हा गाडीचा क्रमांक सर्व काचांवर, स्टेपनीच्या रिमवर, बॅटरीवर, विंचवर आणि सायलेन्सरवर कोरून घ्यावा. खूण केलेला भाग विकायला चोर कचरतो. घेणारा त्याहून अधिक कचरतो. टायरवर आणि बॅटरीवर कारखान्याचा क्रमांक असतोच. एका रविवारी बसून हे सारे क्रमांक वहीत टिपावेत, प्रत्येक भागाचे छायाचित्र काढावे आणि बिले त्याच वहीत ठेवावीत. गाडी हरवल्यावर “माझे चाक काळे होते” असे सांगणाऱ्याला पोलीस काय मदत करणार?

गाडीवर सरकारी खुणाही आहेत. सांगाड्याचा म्हणजे चासीचा १७ अक्षरांकांचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक. गाडी नावावर करताना त्या चासी-क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा उठवीत, ही पद्धत आपल्यापैकी ज्यांनी अंधेरीच्या वा वडाळ्याच्या आरटीओत फेऱ्या घातल्या आहेत त्यांना आठवेल. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बंधनकारक झाली आणि पुढे महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती लावण्याचा हुकूम निघाला. अशोकचक्राची चकाकती मुद्रा, लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक आणि एकदा बसविल्यावर मोडल्याशिवाय न निघणारी खीळ, ही तिची लक्षणे. रांग लावावी लागली म्हणून आपण कुरकुरलो असू. परंतु पाटी अदलून गाडी पळविणाऱ्याची तिने अडचण केली आहे.

हे झाले धन्याचे कर्तव्य. आता सोसायटीचे पाहू. आपले मुलुंड आणि तिकडचे दहिसर ही मुंबईची दारे आहेत. एकेकाळी येथे जकात नाकी होती. १ जुलै २०१७ ला जकात गेली. ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांचा पथकरही मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर बंद झाला. नागरिकांची सोय झाली हे चांगलेच. पण रात्री दोन वाजता आवारातून निघालेली गाडी उजाडण्याच्या आत ठाणे ओलांडून नाशिकच्या किंवा घोडबंदरच्या वाटेला लागू शकते, हेही खरे. म्हणून गाडी अडवायची ती आपल्या फाटकावरच.

त्यासाठी आवारात उजेड हवा. कॅमेरा चौथ्या मजल्यावर बसवून माणसांच्या टाळूंची चित्रे घेण्यात अर्थ नाही. तो फाटकाशी, चेहरा आणि क्रमांकपाटी दिसेल अशा उंचीवर असावा. त्याची नोंद ठेवणारे यंत्र रखवालदाराच्या खोलीत उघड्यावर न ठेवता कुलपात असावे. पावसाळ्यात, जेव्हा पत्र्यावर पावसाचा ताशा वाजतो आणि पान्याचा आवाज ऐकू येत नाही, तेव्हा फेऱ्या अधिक घालाव्यात. प्रत्यक्षात आपण त्याच दिवसांत त्या कमी करतो.

आणि रखवालदाराविषयी मला दोन शब्द थोडे तळमळीने बोलायचे आहेत. चोरी झाली की सकाळी पहिली चौकशी त्याची होते. “तू झोपला होतास”, “तूच सामील असशील”, असे बोल सेक्रेटरीपासून पोरापर्यंत सगळे त्याला ऐकवितात. कित्येक ठिकाणी नुकसान त्याच्या पगारातून कापण्याची भाषा होते. मी मघाशी ‘मृच्छकटिका’चे नाव घेतले. त्यात शर्विलकाने नेले ते दागिने वसंतसेनेने चारुदत्तापाशी ठेव म्हणून दिलेले होते आणि झोपेत बरळणाऱ्या मैत्रेयाने ती पेटी स्वतःच्या हाताने चोराला दिली! चोरी उघडकीस आल्यावर चारुदत्ताला दुःख होते ते दागिने गेल्याचे नव्हे. आपण गरीब आहोत, म्हणून चोरी झाली हे कोणी खरे मानणार नाही, आपल्यावरच संशय येईल, हे त्याचे दुःख. दीड हजार वर्षे उलटली तरी गरिबाचे हे दुःख तसेच आहे. बारा-बारा तास सलग पहारा करणारा माणूस पहाटे डुलकी घेतो, कारण त्याला देह आहे. त्याला बसायला खुर्ची, रात्रीचा चहा, हातात चांगली विजेरी आणि दोघांत वाटून दिलेली पाळी, इतके दिले तर तो जागा राहील. त्याला कोणाला फोन करायचा ते ठाऊक असावे आणि आपण फोन केला तर बोलणी बसणार नाहीत असा विश्वास असावा. चोर भेटला तर झटापट करण्याची त्याच्याकडून अपेक्षा धरू नये. गाडी पुन्हा घेता येते, माणूस पुन्हा आणता येत नाही.

नाक्यावरच्या रिक्षावाल्याचे तेच. ज्याच्याकडे जीप आहे त्याची बॅटरी गेली तर त्याचा रविवार बुडतो. रिक्षावाल्याची बॅटरी किंवा चाक गेले तर त्या दिवशी चूल पेटण्याची पंचाईत. सोसायटीच्या भिंतीला लागून रात्री उभ्या राहणाऱ्या रिक्षा आपल्या कॅमेऱ्याच्या नजरेत आल्या तर आपले काही जात नाही.

आता आरंभीच्या शंकेकडे वळतो. ज्यांच्याकडे गाडी नाही, किंवा असूनही चोरीला गेली नाही, त्यांचा या विषयाशी संबंध काय? संबंध असा की, चोर स्टेपनी खाण्यासाठी नेत नाही, विकण्यासाठी नेतो, आणि घेणारा आपल्यापैकीच कोणी असतो. कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार आणि भेंडीबाजाराकडचा चोरबाजार यांची कीर्ती आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेथे सचोटीने धंदा करणारे, मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग रीतसर विकणारे पुष्कळ व्यापारी आहेत. सरसकट बोट दाखविणे अन्यायाचे होईल. परंतु “साहेब, बिल नको असेल तर निम्म्यात देतो” असे कोणी म्हटल्यावर आपले डोळे जे चमकतात, त्या चमकेतच चोराचे पोट भरते. काल रात्री अंधेरीत गेलेला आरसा आज दुपारी घाटकोपरात बसतो आणि आपण घरी येऊन स्वस्तात काम झाल्याची फुशारकी मारतो. उद्या आपला आरसा जातो.

कौटिल्याने याचाही विचार केला होता. हरवलेल्या वा चोरीस गेलेल्या वस्तूची वार्ता त्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्यांना द्यावी. वार्ता मिळूनही जो वस्तू लपवील तो चोराचा साथीदार समजावा, आणि ज्याला ठाऊक नव्हते त्याने वस्तू परत केल्यास त्याला दोष नाही. तसेच जुनी वस्तू अधिकाऱ्याला कळविल्यावाचून विकू अथवा गहाण ठेवू नये, असे त्याचे म्हणणे. आजचा कायदाही याच वाटेने जातो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३०३ व्या कलमात साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पहिलीच चोरी असेल, माल ५,००० रुपयांच्या आतला असेल आणि तो परत केला असेल, तर समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. माल किंवा उतारू वाहणारे वाहन, अथवा त्यातली वस्तू चोरणाऱ्याला ३०५ व्या कलमाने ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण आपण घेणाऱ्यांनी वाचावे ते ३१७ वे कलम. माल चोरीचा आहे हे जाणून, किंवा तसे समजण्यास कारण असताना जो तो घेतो, त्यालाही ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि अशा मालाचा नित्य व्यवहार करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत. ‘समजण्यास कारण असताना’ हे शब्द ध्यानात ठेवा. निम्मी किंमत आणि बिल नाही, यापेक्षा मोठे कारण ते कोणते?

म्हणून माझी आपणास विनंती अशी. भाग जुना घ्या, नवा घ्या, बिल घेतल्यावाचून घेऊ नका. गॅरेजात भाग बदलला तर काढलेला जुना भाग परत मागा. जुनी गाडी घेताना चासीचा क्रमांक कागदाशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहा. तो घासलेला किंवा ओबडधोबड ठोकलेला दिसला तर कितीही स्वस्त असली तरी नमस्कार करून निघा. आणि आपली गाडी मोडीत काढायची तर ती २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदलेल्या भंजन केंद्रातच द्या आणि दाखला घ्या. नाही तर आपल्या मेलेल्या गाडीचा क्रमांक लावून एखादी चोरीची गाडी जिवंत होते.

इतके करूनही चोरी झाली तर? प्रथम ११२ वर कळवा आणि पोलीस ठाण्यात प्रथम खबर नोंदवा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. मात्र ३ दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी खबर घेतली गेली पाहिजे, असेही त्यात आहे. तेव्हा “ही हद्द आमची नाही” असे उत्तर मिळाल्यास आपण नम्रपणे हे कलम सांगावे. त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा. खबर पोलिसांत वेळेवर दिली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळविले म्हणून खरा दावा फेटाळता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० सालचा निर्णय आहे. पण तो निर्णय मिळविण्यासाठी कोणाला तरी दिल्लीपर्यंत जावे लागले, हे विसरू नये. नुसता तिसऱ्या पक्षाचा विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही. दुचाकीच्या सामान्य विम्यात गाडी न जाता नुसते सुटे सामान गेले तर बहुधा काही मिळत नाही. म्हणून विम्याचा कागद चोरीच्या आधी वाचावा.

गाडी सापडली तरी काम संपत नाही. आपल्या प्रत्येक पोलीस ठाण्याच्या आवारात गंजणाऱ्या गाड्यांची रांग आपण पाहिली आहे. टायर बसलेले, काचांवर धूळ, एखादीच्या बॉनेटातून पिंपळ उगवलेला. त्यातल्या कित्येक पुरावा म्हणून पडून असतात. सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वाहने अशी कुजू देऊ नयेत. पंचनामा करून, छायाचित्रे घेऊन, जामीनकदब्यावर ती धन्याला लौकर द्यावीत. तेव्हा गाडी सापडल्याचे कळताच न्यायालयात अर्ज करा. एक पावसाळा उघड्यावर काढलेली गाडी चोराच्या हातून सुटते आणि गंजाच्या हातात सापडते.

आणि एक धोक्याची गोष्ट. “तुमची वस्तू अमक्या ठिकाणी आहे, पैसे देऊन सोडवा” असा निरोप आला, किंवा गाडीत लपविलेल्या यंत्राने तिचा पत्ता दाखविला, तर आपण शौर्य गाजवायला जाऊ नये. निरोप पोलिसांना द्यावा. आपलीच वस्तू आपण विकत घेतली तर चोराला दुसऱ्यांदा यायचे आमंत्रण मिळते.

सद्‌गृहस्थहो, कुलूप, खूण, उजेड आणि बिल या चार गोष्टी मी आज सांगितल्या. पहिल्या दोन गाडीच्या धन्याच्या हातात आहेत आणि तिसरी सोसायटीच्या. चौथी मात्र आपल्या सर्वांच्या हातात आहे आणि तीच सर्वांत कमी खर्चाची असून सर्वांत कमी पाळली जाते. आज घरी जाताना फाटकावर जो कोणी बसला असेल त्याची विचारपूस करा, आवारातला कोणता दिवा गेला आहे तो पाहा, आणि पुढच्या वेळी गॅरेजात बिलाचे नाव काढायला संकोच करू नका. इतके झाले तरी आजची संध्याकाळ कारणी लागली असे मी समजेन.